पट्टीवरचा आकडा म्हणजे लांबी नव्हे
आता प्राथमिक शाळेतल्या मोजमापाकडे वळू. गणिताच्या पुस्तकातल्या चित्रात पेन्सिल बहुधा शून्यालाच टेकलेली असते. मूल टोकाशी दिसणारा आकडा वाचतं, उत्तर बरोबर येतं, आणि आपण समजतो त्याला मोजता आलं. हीच पेन्सिल 3 पासून 8 पर्यंत ठेवून बघा. पुष्कळ मुलं 8 म्हणतील. काही रेघा मोजून 6 म्हणतील. पाच सेंटीमीटर म्हणजे रेघांमधल्या पाच जागा, हे आपण शिकवलेलंच नसतं.

वितीने बाक मोजणं आपण एका तासात उरकतो. खरं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, तिथेच थांबायला हवं. सगळ्यांचं माप एक असावं, ही गरज त्या भांडणातूनच कळते. फ्रान्समध्ये 1790 च्या दशकात मीटर आला, तोही गावोगावच्या निरनिराळ्या मापांच्या गोंधळातून. आपल्याकडे 1956 साली कायदा झाला, तरी शिंपी अजून इंचातच बोलतो. माप हा माणसांनी केलेला करार आहे.

म्हणून शंभर सेंटीमीटरचा एक मीटर हे पाठ करून घेण्याआधी, एकेक सेंटीमीटरचे कागदी तुकडे सलग चिकटवून मुलांना स्वतःची पट्टी करू द्यावी. पहिल्या तुकड्याच्या आधी काय लिहायचं, हे विचारलं की शून्याचा अर्थ त्यांचा त्यांनाच लागतो.