खुब्याचा अस्थिभंग, सांध्यातील दाब आणि रक्तपुरवठा : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना : मांडीच्या हाडाची मान सांधेकोषाच्या आत मोडते, तेव्हा हाड जुळेल काय, यापेक्षा त्याच्या डोक्याला रक्त मिळत राहील काय, हा प्रश्न अधिक गंभीर असतो. सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या ग्रंथात अशी मोड न जुळण्याचा संबंध अपुऱ्या रक्तपुरवठ्याशी जोडला. ट्रुएटा व हॅरिसन यांनी १९५३ मध्ये प्रौढ माणसातील या रक्तवाहिन्यांची रचना सविस्तर मांडली. मुख्य पुरवठा करणाऱ्या वाहिन्या मानेच्या पृष्ठभागाला चिकटून वर जातात; म्हणून मान मोडताच त्या धोक्यात येतात.

दाबाचा सिद्धान्त : मोडीतून स्रवणारे रक्त बंद सांधेकोषात साठते, दाब वाढतो, आधी शिरा दबतात आणि पुढे डोक्यातील अभिसरण मंदावते, असे हा सिद्धान्त सांगतो. त्यावरूनच साठलेले रक्त सुईने काढणे किंवा कोषाला छेद देणे हे उपाय पुढे आले.

चिकित्सा : सिद्धान्त तर्कशुद्ध आहे, परंतु पूर्ण नाही. न सरकलेल्या मोडीत कोष बहुधा अखंड असल्याने दाब अधिक आढळतो; सरकलेल्या मोडीत कोष फाटून दाब उतरू शकतो. तरीही डोके मृत होण्याचे प्रमाण सरकलेल्या मोडीतच अधिक असते. दाब हेच प्रमुख कारण असते, तर चित्र उलट दिसावयास हवे होते. अर्थात, वाहिन्या तुटणे व पिळवटणे हे मुख्य कारण आणि दाब हे पूरक कारण मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कोषछेदनाने डोके निश्चितपणे वाचते, असेही निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

तथापि पूरक कारण म्हणजे उपेक्षणीय कारण नव्हे. तुटलेली वाहिनी जोडणे सहसा शक्य नसते. दाब मात्र कमी करता येतो. सोटो-हॉल व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखविले की, खुबा ताठ करून आत वळविल्यास दाब वाढतो. किंचित वाकलेल्या व बाहेर वळलेल्या स्थितीत तो कमी राहतो. रुग्णही वेदनेमुळे पाय बहुधा तसाच ठेवतो. मग शस्त्रक्रियेपूर्वी पाय सरळ ओढून वजन लावण्याच्या प्रघाताला आधार कोणता? २०११ मध्ये अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यातही अशा ट्रॅक्शनचा नियमित लाभ दिसून आला नाही.

स्थानिक संदर्भ : नवी मुंबईत नेरूळ व कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्या भोवती उरण, पनवेल, पेणचा ग्रामीण पट्टा आणि शीव-पनवेल महामार्गाची वर्दळ आहे. वृद्धाची मोड सरकलेली असल्यास कृत्रिम सांध्याचा पर्याय असतो व रक्तपुरवठ्याचा प्रश्न मागे पडतो. महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्या तरुणाचे मात्र स्वतःचे डोके वाचविणे महत्त्वाचे असते. त्याच्या बाबतीत अपघातस्थळापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत पाय कसा ठेवला, हा तपशील क्षुल्लक मानता येणार नाही.

निष्कर्ष : दाबाचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकातील अंतिम सत्य म्हणून नव्हे, तर मर्यादित पण उपयुक्त विधान म्हणून शिकविला जावा. मोड अचूक बसवून स्थिर करणे याला पर्याय नाही. मात्र गुडघ्याखाली उशी ठेवण्यास काहीच खर्च येत नाही, आणि पाय बळेच सरळ करण्याची सवय सोडण्यासही नाही.