चार दिवस, चौसष्ट लेणी आणि आपली मुले

दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळहून अजिंठा-वेरूळला निघणाऱ्या कुटुंबांच्या हाती बहुधा एक कार्यक्रमपत्रिका असते. ती प्रवासी कंपनीने छापलेली असो, की गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेली असो, साचा एकच. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलताबादचा किल्ला, मग खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वराचे दर्शन, वेरूळची लेणी आणि परतताना पाणचक्की व बीबी-का-मकबरा. तिसऱ्या दिवशी अजिंठा. चौथ्या दिवशी घर. शाळांच्या सहलीही थोड्याफार फरकाने याच वाटेने जातात. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या पत्रिकेचे परीक्षण करावे, असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. आमच्याकडे मुलांना घेऊन येणारे पालक आणि शिक्षक सहलीविषयी विचारतात तेव्हा ते हीच पत्रिका पुढे करतात, आणि 'यात आणखी काय घालता येईल?' असे विचारतात. काय काढता येईल, हे अजून कोणी विचारलेले नाही.

या पत्रिकेत गुण आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. राहण्या-जेवणाची चिंता ती मिटवते आणि म्हाताऱ्या आजी-आजोबांना देवदर्शन घडवते. पण तिचा सगळा हिशेब ठिकाणांचा आहे. दहा वर्षांचे मूल एका जागी किती वेळ रमेल, कुठे थकेल, कुठे त्याला प्रश्न पडेल, याचा हिशेब तिच्यात नाही. वेरूळची ३४ लेणी दोन किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली आहेत. किल्ला चढून उतरलेल्या मुलाला तेथे दुपारी उभे केले, तर ते कैलास लेण्यातील हत्तीपाशी फोटो काढून घेते आणि पाणी मागते. त्यात त्याचा काय दोष? अनेक कुटुंबांना असा चार दिवसांचा खर्च पुन्हा लवकर झेपत नाही. मुलाच्या शाळकरी वयात ही सहल एकदाच होते, म्हणून तिची आखणी आम्ही क्षुल्लक मानत नाही.

एक दोष तर केवळ गैरसोयीचा आहे. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. शनिवारी निघून सोमवारी अजिंठ्याला पोहोचणारी पत्रिका आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरून तेथल्या बसने चारेक किलोमीटर जावे लागते, आणि मग पायऱ्या. लहान मूल बरोबर असेल तर हा वेळ आधीच धरावा.

खरा दोष याहून खोल आहे आणि तो घर सोडण्यापूर्वीच सुरू होतो. 'आपण गुहा पाहायला चाललो' असे मुलांना सांगितले जाते. गुहा आणि लेणे यांतला भेद मराठीने एकेका शब्दात करून ठेवला आहे, तो आपणच पुसून टाकतो. चुनखडीच्या प्रदेशात कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी खडक हळूहळू विरघळवते आणि गुहा आपोआप तयार होते. बेसाल्ट असा विरघळत नाही. अजिंठा-वेरूळ येथे माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर कोरला. हा फरक शिकवायला यवतमाळ जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. जिल्ह्याचा बराच भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे त्याच दख्खनी बेसाल्टचा आहे. पूर्वेकडे वणीच्या बाजूला त्याहून फार जुना चुनखडक आहे आणि राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या त्याच्याच जोरावर चालत आल्या. निघण्यापूर्वी दोन्ही दगडांचे तुकडे मिळवावेत, थोडी पूड करावी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब शिक्षकांच्या देखत टाकावेत. एक पूड फसफसेल, दुसरी स्वस्थ बसेल. हे पाहिलेले मूल वेरूळच्या भिंतीला हात लावताना वेगळ्या नजरेने पाहते. झरी जामणी तालुक्यातील शिबल्याजवळ २०२१ च्या सुमारास बेसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्यांना जमेल त्यांनी आधी तेही दाखवावेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, हे तेथे स्पष्ट दिसते.

पत्रिकेतला पहिला दिवस 'प्रवास' या एका शब्दात संपतो. वाटेत वाशीम लागते आणि तेथे चहा होतो. अजिंठ्याची बहुतेक लेणी पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. तो राजा वाकाटकांच्या ज्या शाखेचा होता तिची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम. सोळा क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले आणि तेथील शिलालेखात वाकाटक राजांची नावे आहेत. विदर्भातली मुले अजिंठ्याला 'मराठवाड्यातले काहीतरी' समजून जातात आणि त्या राजाच्या गावात भजी खाऊन पुढे निघतात, याला काय म्हणावे! मेहकरहून थोडी वाट वाकडी केली की लोणार. तेथे मुक्काम केला तर पहिला दिवस कारणी लागतो. बेसाल्टमध्ये उल्काघाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर किती जुने, याची उत्तरे एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे आणि दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर अशी आली आहेत. शास्त्रज्ञांचेही आकडे जुळत नाहीत आणि तरी काम चालू राहते, हे मुलांना कळायला काही हरकत नाही.

आकड्यांवरून वेरूळकडे येऊ. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी जोडले जाते. तेथे कानावर पडणारी दोन विधाने ठरलेली: 'यातून दोन लाख टन दगड काढला' (कोणी चार लाख सांगतात), आणि 'हे माणसाचे काम असूच शकत नाही'. मुले दुसरे विधान घेऊन घरी येतात. अलीकडे तर परग्रहावरचे कारागीरही या गोष्टीत दाखल झाले आहेत. वाटाड्यांवर रागावून उपयोग नाही, ऐकणाऱ्यांना तेच आवडते. पण सातवी-आठवीच्या मुलांनी कागद-पेन्सिल काढावी. अंगण सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या बाजूची कड सुमारे ३३ मीटर उंच. सगळे एका पेटीसारखे धरले तर घनफळ १ लाख ३० हजार घनमीटर येते. बेसाल्टची घनता २.९ धरली की पावणेचार लाख टनांच्या वर. पण डोंगर पुढच्या बाजूला उतरता आहे, म्हणजे पेटीऐवजी पाचर धरायला हवी. मग हे निम्मे होते, सुमारे १ लाख ९० हजार टन. दोन्ही प्रसिद्ध आकडे बहुधा असेच आले असावेत, आणि त्यांतला कोणता अधिक पटण्यासारखा हे मूल स्वतः ठरवू शकते. मध्ये उभे असलेले मंदिर अजून वजा करायचे राहिलेच.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी माणशी रोज चार घनफूट दगड धरून २५० माणसांना साडेपाच वर्षे लागली असती, असा अंदाज केला होता. आमच्या पाचरीचे सुमारे तेवीस लाख घनफूट होतात. रोजचे हजार घनफूट काढले तर सव्वासहा वर्षे. मंदिराचा दगड वजा केला की दोन्ही उत्तरे शेजारी येऊन बसतात. हे खोदकामाचे झाले, मूर्तिकामाचा वेळ वेगळा. हा हिशेब अंगणाच्या कडेला बसून करायला अर्धा तास पुरतो. कोणत्याही पत्रिकेत असा अर्धा तास आम्हांला आढळला नाही.

अजिंठ्यात पत्रिका आणखी एक गल्लत करते: ती मुलांना क्रमांकाने नेते. एक, दोन, चार, सहा, नऊ, दहा. हे क्रमांक जागेवरून दिलेले आहेत, वयावरून नव्हेत. नऊ आणि दहा ही चैत्यगृहे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, आणि एक व दोन त्यांच्याहून पाच-सहा शतकांनी धाकटी. मूल पाचव्या शतकात शिरते, अचानक सातवाहनकाळात मागे जाते आणि पुन्हा पुढे येते. कोणी सांगत नाही, म्हणून त्याला सगळे एकाच दिवशी कोरल्यासारखे वाटते. आमची सूचना अशी की थेट दहाव्या लेण्याकडे जावे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी ज्या लेण्यात शिरला तेही हेच. मग सोळा आणि सतरा पाहावीत, आणि एक व दोन परतताना. गर्दी उलट दिशेने येत असल्याने चित्रांपाशी थोडी उसंतही मिळण्याचा संभव.

चित्रांविषयी 'नैसर्गिक रंग होते' एवढेच सांगून थांबतात. लाल-पिवळा रंग गेरू व पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. हिरवा रंग बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या हिरव्या मातकट खनिजाच्या जातीचा. निळा मात्र बदख्शानच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील, लाजवर्दाचा. हिरवा जवळपासचा आणि निळा परदेशचा, हे कळल्यावर मुले भिंतीवर निळा कुठे कुठे वापरला आहे ते शोधू लागतात. झगझगाट दिवा का लावायचा नाही, आत फार वेळ का थांबायचे नाही, हेही येथेच सांगावे. चित्रे माती, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावर कोरड्यात काढलेली आहेत आणि आपल्या श्वासातला दमटपणा त्यांना बाधतो.

आणि चार व चोवीस क्रमांक गाळू नयेत. चौथे येथील सर्वांत मोठे विहार. त्याच्या छतात खडकाचाच दोष निघाला, छत कोसळले आणि कारागिरांना ते अधिक उंच कोरून घ्यावे लागले. चोविसावे अपुरे राहिले. पत्रिकेत त्याच्यापुढे 'पाहण्यासारखे काही नाही' असे लिहिलेले असते. अर्धवट सुटलेले खांब, न काढलेला दगड आणि छिन्नीचे घाव तेथे जसेच्या तसे आहेत. वरून खाली कसे कोरत आणले, आधी काय मोकळे केले, मधला दगड केव्हा काढायचा होता, हे सांगायला तेथे वाटाड्या लागत नाही. मुलांना तेथे वीस मिनिटे सोडावे. मोठ्यांनी बाहेर बसून पाणी प्यावे. वरती वानरे असतात, तेव्हा डबा मात्र पिशवीतच ठेवावा.