लक्ष्या आणि लक्ष्मीकांत

विनोदी नटावर प्रेक्षक जितके प्रेम करतो तितके क्वचितच दुसऱ्या कोणावर करतो. आणि त्या प्रेमाचे ओझेही त्या बिचाऱ्यालाच वाहावे लागते. लक्ष्मीकांत बेर्डे यांना अवघ्या महाराष्ट्राने ‘लक्ष्या’ म्हटले. घरातल्या धाकट्या भावाला मारावी तशी ही एकेरी हाक. पण घरचा माणूस रोज तसाच वागावा, असेही आपल्याला वाटत असते.

१९५४ साली जन्मलेले लक्ष्मीकांत मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत, लहानसहान भूमिका करीत पुढे आले. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’ नाटकाने त्यांचे नाव झाले आणि ‘धूमधडाका’पासून (१९८५) चित्रपटांची रांग लागली.

त्यांच्या विनोदाला आरडाओरड्याचा विनोद म्हणून नाक मुरडणारे होते. पण ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पुन्हा पाहावा. भाड्याच्या खोलीपायी परशाला पार्वती व्हावे लागते आणि प्रकरण थेट डोहाळजेवणापर्यंत जाते. पुरुषाने लुगडे नेसून हसवणे आपल्याकडे नवे नाही. लक्ष्मीकांतांनी मात्र नखऱ्यावर भर न देता, पकडले जाण्याच्या भीतीने कासावीस झालेला माणूस उभा केला. अशोक सराफांचा धनंजय माने आधी विचार करून मग थाप मारतो. हा आधी थाप मारून बसतो आणि विचार त्याला मागाहून सुचतो! ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) तात्या विंचूच्या बाहुल्याची दहशत आपल्याला खरी वाटते, तीही लक्ष्मीकांतांचे डोळे ती खरी मानतात म्हणून. भित्र्या, साध्या माणसाची ही घालमेल हेच त्यांच्या विनोदाचे भांडवल होते.

याच भांडवलावर जब्बार पटेलांनी ‘एक होता विदूषक’ (१९९२) उभा केला. पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गीते ना. धों. महानोरांची. तमाशाच्या फडातून चित्रपटात आणि तेथून राजकारणाच्या व्यासपीठावर पोहोचलेल्या आबुरावाला अखेर एकच गोष्ट साधत नाही: आपल्या चिमुकल्या मुलीला हसवणे. हजारोंना हसवणारा बाप त्या न हसणाऱ्या चेहऱ्यापुढे दीन होतो. तेथे लक्ष्मीकांतांच्या डोळ्यांत तीच जुनी भीती दिसते. फरक एवढाच की आता आपल्याला हसू येत नाही.

उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गर्दी मात्र जमली नाही. लोकांना आबुराव नको होता, लक्ष्या हवा होता. हिंदीतही ‘मैंने प्यार किया’पासून (१९८९) त्यांना बहुधा विनोदी नोकराचेच काम मिळत गेले. प्रेक्षकांना सर्वस्वी दोष देणे बरे नव्हे. दिवसभराच्या कष्टांनंतर हसू मागणे हा काही अपराध नाही. परंतु ज्याने आपल्याला पोटभर हसवले, त्याला एकदा गंभीर होण्याची मुभा आपण दिली नाही, ही रुखरुख उरतेच.

१६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. या दिवाळीत फराळाची ताटे पुढे घेऊन घरोघरी ‘बनवाबनवी’ लागेल, लागावाच. पण दुसऱ्या संध्याकाळी मुलांना जवळ बसवून ‘विदूषक’ही पाहावा. लक्ष्याची ओळख त्यांना आहेच. लक्ष्मीकांतांचीही होऊ द्यावी.