उष्णकटिबंधीय कुरणांवरील मांसोत्पादक जनावरांना स्निग्ध पूरक आहार : एक चिकित्सा

ब्राझीलमधील गोमांस उत्पादन मुख्यत्वे कुरणांवर उभे आहे. भारतातील ओंगोल गोवंशापासून तेथे विकसित झालेली नेलोर जनावरे आणि मूळचे आफ्रिकेतील ब्रॅकियारिया गवत, विशेषतः एम्ब्रापा या संस्थेने १९८४ मध्ये प्रसारित केलेला ‘मरांडू’ हा वाण, ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत. या जनावरांना सोयाबीन तेल, पाम तेल, जवस किंवा बायपास फॅट यांचा खुराक देण्याविषयी बरेच संशोधन झाले आहे. त्यामागील युक्तिवाद तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा युक्तिवाद दुहेरी आहे. स्निग्ध पदार्थांत कर्बोदकांच्या सुमारे २.२५ पट ऊर्जा असते, म्हणून वजन वाढते. आणि त्यांतील मेदाम्लांचे कोटीपोटात किण्वन होत नसल्याने मिथेन कमी निर्माण होतो. दोन्ही विधाने स्वतंत्रपणे ग्राह्य आहेत. मात्र दोन्ही लाभ एकाच खुराकाच्या नावे जमा केले जातात, तेथे घोटाळा होतो. मोकळे असंतृप्त तेल मिथेन घटविते, ते कोटीपोटातील प्रोटोझोआ आणि तंतू पचविणारे जिवाणू यांना मारक ठरल्यामुळेही. शुष्क आहारातील स्निग्धांश ६ ते ७ टक्क्यांपुढे गेला की तंतुमय पदार्थांचे पचन मंदावते व जनावर गवत कमी खाते. धान्यावर पोसलेल्या जनावराला हे एक वेळ सोसेल. ज्याचे मुख्य अन्नच गवत आहे, त्याला नाही. उलट, कॅल्शियम क्षारांच्या रूपातील बायपास फॅट कोटीपोटात बऱ्याच अंशी विरघळत नाही. त्यामुळे पचनाला फारसा धक्का लागत नाही. परंतु त्याच कारणाने मिथेनमधील घटही माफक राहते. (आपल्याकडे ‘बायपास फॅट’ दुधाळ जनावरांच्या संदर्भातच परिचित आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.)

शिवाय कोरड्या हंगामात गवतातील क्रूड प्रथिने ७ टक्क्यांखाली उतरतात, तेव्हा पहिली उणीव नत्राची असते. स्निग्ध पदार्थ कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना ना नत्र पुरवितात, ना लक्षणीय ऊर्जा. अशा वेळी युरिया किंवा पेंड यांच्याआधी तेलाचा विचार करणे म्हणजे गोठ्यातील प्रश्नाचे उत्तर कुरणावर लादणे होय.

मापनाचा मुद्दा याहून गंभीर आहे. चरणाऱ्या जनावराने किती गवत खाल्ले, हे थेट मोजता येत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या खुणद्रव्यांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. मिथेन बहुधा सल्फर हेक्झाफ्लोराइड पद्धतीने मोजला जातो. म्हणून ‘प्रतिदिन मिथेन घटला’ या निष्कर्षात तेलाचा गुण किती आणि कमी चरण्याचा परिणाम किती, हे वेगळे करणे अवघड जाते. जनावर अर्धपोटी राहिले तरी हा आकडा घटतोच.

२०२१ च्या ग्लासगो परिषदेत, २०३० पर्यंत जागतिक मिथेन उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्के घटविण्याच्या सामूहिक प्रतिज्ञेत ब्राझील सहभागी झाला. त्यामुळे अशा आकड्यांना आता धोरणात्मक वजन आले आहे. प्रतिदिन मिथेनऐवजी विक्रीयोग्य वजन गाठेपर्यंतचा एकूण मिथेन मोजला, तर जनावराची वाढ खुंटविणारा खुराक लाभदायक म्हणून खपून जाणार नाही.