फ्रेंच मार्केत्रीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

अठराव्या शतकातील फ्रेंच मार्केत्रीविषयी लिहिताना 'लाकडातील चित्र' ही उपमा टीकाकारांच्या लेखणीतून इतक्या सहजपणे उतरते की, ती तपासून पाहावी असे कोणास सहसा वाटत नाही. मराठीत या कामास 'जडावकाम' म्हणावयाचा मोह होतो, त्यामुळे घोटाळा आणखीच वाढतो. जडावकामात भरीव लाकूड कोरून त्या खाचेत दुसरा पदार्थ बसवितात. गोव्यात सतराव्या शतकात घडलेल्या सागवानी कपाटपेट्यांवरील आबनूस व हस्तिदंत यांचे काम हे त्याचे परिचित उदाहरण होय. मार्केत्रीत मात्र कशातच काही जडविलेले नसते. लाकडाचे पातळ पापुद्रे करवतीने आकारात कापून, एकमेकांस भिडवून, ओक वा पाइनच्या सांगाड्यावर सरसाने चिकटवितात. तेव्हा आपणांस दिसणारी नक्षी ही त्या वस्तूची संपूर्ण त्वचाच असते.

या भेदाचा कलामूल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याचे काम पाहिले म्हणजे उत्तर सापडते. पितळेचा पत्रा व कासवाचे कवच एकावर एक ठेवून त्यांची चळत करावयाची, वर नक्षीचा कागद डकवावयाचा आणि बारीक पात्याच्या करवतीने सर्व थर एकदमच कापावयाचे, ही त्या पद्धतीची रीत होती. या एका छेदातून दोन नक्ष्या जन्मास येतात : एकीत कवचाच्या भूमीवर पितळेची वेल, तर दुसरीत पितळेच्या भूमीवर कवचाची. पहिलीस श्रेष्ठ मानून दुसरीस उरलेल्या तुकड्यांची सोय समजण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य होण्यासारखा वाटत नाही. दोन्ही आकृत्यांची रेषा तीच असते, बदलते ते केवळ भूमी व आकृती यांचे नाते. दोन कपाटे समोरासमोर मांडली म्हणजे दिसणारा हा उलटापालट चित्रकाराच्या कुंचल्यास साधणारा नव्हे. त्याचे जनकत्व करवतीकडेच जाते.

चित्राची उपमा खरी उघडी पडते ती रंगाच्या बाबतीत. आज संग्रहालयांतून दिसणाऱ्या मधाळ, तपकिरी पृष्ठभागास आपण 'संयत अभिरुची' म्हणून गौरवितो. वस्तुतः हा संयम कारागिराचा नसून सूर्यप्रकाशाचा आहे! पांढरट लाकडास हिरवा, निळा, लाल रंग देत असत. रुबो याने सुतारकामावरील आपल्या ग्रंथात (१७६९–१७७५) लाकूड रंगविण्याच्या कृती दिल्या आहेत. अमरंथाचे जांभळेपणही कालांतराने तपकिरीकडे झुकते. झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा धातूच्या पट्टीखाली, जेथे उजेड पोहोचला नाही, तेथे मूळ रंगांचा भडकपणा कधीकधी शिल्लक राहिलेला आढळतो आणि पाहणारा दचकतो. तप्त वाळूत कडा भाजून आणलेली छाया तेवढी उन्हास बरीच पुरून उरते.

पंधराव्या लुईचे प्रसिद्ध लेखनमेज या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ते ओबेन याने १७६० मध्ये आरंभिले. १७६३ मध्ये तो निवर्तला आणि रीझनर याने १७६९ मध्ये ते पुरे करून आपली स्वाक्षरी मार्केत्रीतच कोरली. (ओबेनच्या विधवेशी त्याने १७६७ मध्ये विवाह केला होता. पॅरिसच्या कारखान्यांचा वारसा अनेकदा याच मार्गाने चाले.) मात्र स्वाक्षरी एकाची असली तरी ब्राँझ ओतणारे व मार्केत्री कापणारे हात निराळे होते. ओबेनच्या कारखान्यातील फुलांची परडी आज निस्तेज दिसते, कारण पाकळी व पान यांतील भेद बव्हंशी रंगावरच सोपविलेला होता. रीझनरने पुढे वापरलेली चौकटींची जाळीनक्षी त्या मानाने टिकली आहे. तिचा भार पुष्कळ अंशी तंतूंच्या दिशेवर असल्याने रंग उतरला तरी प्रकाश आडव्या व उभ्या तंतूंवरून निरनिराळा परततो. छायाचित्रात हे दिसत नाही. वस्तूभोवती फिरूनच ते पाहावे लागते. या एका निकषावर मी रीझनरला ओबेनहून अधिक पक्का मार्केत्रीकार समजतो, जरी कल्पकतेत ओबेन सरस असला तरी.

संघाच्या नियमांनी १७४३ पासून मागितलेल्या नाममुद्रेवर विसंबून केलेली टीकाही अपुरीच ठरते. राजाश्रयाखाली लूव्रमध्ये काम करणारा बूल अशा मुद्रेच्या बंधनापलीकडे होता, आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या मुद्राही जुन्या वस्तूंवर उमटलेल्या आहेत.

दुरुस्तीच्या प्रश्नास तर याहून अधिक गांभीर्य आहे. पृष्ठभाग उजळण्यासाठी तो तासला की खालचा ताजा रंग थोडा वर येतो खरा, परंतु पापुद्र्याची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, आणि पाकळ्यांच्या शिरा दाखविणारे कोरीव काम त्याच्या अगदी वरच्या थरात असते. अनेक वस्तूंवरील फुले आज शिरांवाचून सपाट दिसतात, ती याच कारणाने. प्रकाशाने केवळ रंग नेला होता, रेषा मात्र रंध्याने नेली.