संग्रहालयात ‘केव्हा’ विचारावे की ‘का’?

संग्रहालयाच्या सहलीतून विद्यार्थ्यांच्या हाती नेमके काय लागते, हे तपासण्याची संधी मला अलीकडे घरातच मिळाली. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही डोंबिवलीहून सहकुटुंब ‘बेस्ट’चे, म्हणजे बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रमाचे, आणिक आगारातील संग्रहालय पाहायला गेलो. लोकलने कुर्ला आणि तेथून पुढे बस. बरोबर सासूबाई होत्या. आठवीत शिकणाऱ्या मुलीच्या हातात शाळेने दिलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली होती.

प्रश्न असे होते : मुंबईत घोड्यांची ट्राम केव्हा सुरू झाली? विजेची ट्राम केव्हा आली? पहिली बस केव्हा धावली? शेवटची ट्राम केव्हा बंद झाली? उत्तरे अनुक्रमे ९ मे १८७४, ७ मे १९०७, १५ जुलै १९२६ आणि ३१ मार्च १९६४. उरलेले प्रश्नही याच जातीचे. पंधरा मिनिटांत दहाही चौकटी भरल्या आणि मुलीने विचारले, “आई, झालं माझं. निघायचं?”

तिचे काही चुकले नव्हते. जे विचारले होते ते तिने शोधले होते. पण त्यासाठी डोंबिवलीहून येथवर येण्याची गरज नव्हती. घरी बसून एखाद्या पुस्तकातूनही ते मिळाले असते.

संग्रहालयाबद्दल आधी सांगायला हवे. ट्राम आणि बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटे देण्याची यंत्रे असा हा संग्रह आहे. रोजच्या वापरातल्या, एरवी भंगारात गेल्या असत्या अशा वस्तू जपून ठेवणे हे मोलाचे काम आहे. मात्र वाहतुकीच्या कोणत्याही संग्रहालयाला एक अंगभूत मर्यादा असते. वाहन हालचालीसाठी असते, आणि संग्रहालयात ते उभे असते. ओढणाऱ्याला किती जोर लागला, थांबवणाऱ्याला किती कष्ट पडले, हे उभ्या वस्तूवरून दिसत नाही. ही उणीव आपण प्रश्नांनी भरून काढायची असते. आपल्या प्रश्नावल्या नेमके तेच करत नाहीत.

निघण्याआधी मी मुलीला एकच प्रश्न विचारला. टांग्याचा घोडा चार माणसे ओढताना दमतो. मग एक-दोन घोडे माणसांनी भरलेला ट्रामचा डबा कसे ओढत होते?

“रूळ गुळगुळीत असतात म्हणून,” ती म्हणाली.

उत्तर अर्धे बरोबर होते. खरे कारण टणकपणात आहे. चाक मऊ जमिनीवर टेकते तेव्हा जमीन थोडी दबते, आणि चाकाला सतत त्या खळग्यातून वर चढत राहावे लागते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळजवळ दबतच नाही. आता थोडा हिशोब करू. साडेचारशे किलोचा घोडा दिवसभर साधारण आपल्या वजनाच्या एकदशांश, म्हणजे ४५ किलो वजनाइतका जोर लावू शकतो. खडीच्या चांगल्या रस्त्यावर लोखंडी धावेची गाडी ओढायला दर टनामागे सुमारे ३० किलो जोर लागतो, म्हणजे घोडा दीड टन ओढेल. रस्त्यातल्या, धूळमातीने भरणाऱ्या ट्रामच्या रुळांवर हाच आकडा १० किलोच्या आसपास येतो. म्हणजे साडेचार टन. घोडा तोच, ओझे तिप्पट. १८७४ या सालामागचे विज्ञान हे आहे.

सासूबाईंचे बालपण दादरला, ट्रामच्या काळात गेले. त्या म्हणाल्या, “पण एखादी हातगाडी रुळात अडकली की आमची ट्राम मागे घंटा वाजवत उभी! बस आपली बाजूने निघून जायची.” म्हणजे ज्या रुळाने घोड्याचे श्रम वाचवले, त्याच रुळाने ट्रामला बांधूनही ठेवले. गर्दीच्या रस्त्यावर ट्राम मागे का पडली, याचे एक महत्त्वाचे कारण आजीकडून मिळाले. १९६४ या सालालाही अर्थ आला.

परतीच्या धीम्या लोकलमध्ये ठाणे मागे पडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी येथवरच आली होती. लोहमार्ग कल्याणला पोहोचला तो १ मे १८५४ रोजी. मुंब्र्याजवळ एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी दिसू लागली, तेव्हा मुलीने आपण होऊन विचारले, “रूळ सरळ डोंगरावरून का नाही नेले?”

याचेही उत्तर त्याच हिशोबात आहे. सपाटीवर, कमी वेगात रेल्वेचा एक टन ओढायला जेमतेम २ किलो जोर पुरतो. पण ५०० मीटरमागे फक्त १ मीटर चढ आला, की आणखी २ किलो लागतात. जोर दुप्पट होतो. बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तेथे टनामागे २७ किलो जास्त लागतात, म्हणजे एकूण जोर सपाटीच्या सुमारे चौदा पट! म्हणूनच घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. म्हणूनच १८५४ चा मार्ग पारसिकच्या कडेकडेने गेला, आणि पुढे १९१६ मध्ये डोंगर पोखरून बोगदा काढला गेला. रुळाला चढ सोसत नाही; तो डोंगराला वळसा घालतो किंवा पोखरतो.

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सनावळ्या वगळू नका. त्या खुंटीसारख्या उपयोगी असतात. पण खुंटीवर टांगायला काहीतरी हवे. प्रश्नावलीत दहापैकी निदान चार प्रश्न ‘का’ आणि ‘कसे’ यांचे ठेवा, आणि दोन जागा विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी कोऱ्या सोडा. सहलीच्या आधी वर्गात एक खेळण्यातला ट्रक विटेचा तुकडा ठेवून ताणकाट्याने ओढून पाहा : आधी वाळूवर, मग सतरंजीवर, मग गुळगुळीत फरशीवर. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा.

आमच्याकडच्या प्रश्नावलीत कोरी जागा नव्हती. मुलीने अकरावा प्रश्न कागदाच्या पाठीमागे लिहिला, पारसिकच्या डोंगराचा. गुण मात्र पुढच्या बाजूलाच मिळणार आहेत. ते आपण बदलू शकतो.