मूळपुरुष आणि नमुना नंबर चौदा

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले की साहित्याची मंडळी कपाळाला आठ्या घालतात. ते वाङ्मय कसले, ती तर यादी, असे त्यांचे म्हणणे. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठी माणसाने, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, इतक्या चिकाटीने आणि इतक्या ठरीव साच्यात लिहिलेला दुसरा गद्यप्रकार क्वचितच दाखवता येईल. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६८ साली याच ग्रंथांवर निबंध लिहिला आणि महाराष्ट्रातल्या सामाजिक बदलाचे साधन म्हणून ते वाचून दाखवले. आपल्याकडे मात्र ते पुस्तकपेटीच्या तळाशीच राहिले. घरात मुंज निघाली की गोत्र-प्रवर बघायला वर काढायचे, पुन्हा तळाशी.

माझे इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. मोडी शिकलो ती रविवारच्या वर्गात, चाळिशी ओलांडल्यावर. गेली काही वर्षे मी दोन प्रकारचे कागद शेजारी ठेवून वाचतो आहे. एकीकडे छापील कुलवृत्तांत. दुसरीकडे तहसिलीच्या अभिलेख कक्षातली गावोगावची जन्ममृत्यूची बुके. दोन्हींत कधीकधी एकच माणूस भेटतो, पण ओळखू येऊ नये इतका वेगळा.

आधी ग्रंथाविषयी. त्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, एखादी सनद किंवा इनामाची हकिकत. मग मूळपुरुष आणि त्याच्यापासून फुटलेल्या शाखा. प्रत्येक पुरुषाला क्रमांक. त्याचे शिक्षण, नोकरी, बढती, यात्रा, घर कुठे बांधले ते. बायकोची एक ओळ, माहेरच्या आडनावासह. मुलगे पुढच्या पिढीत नवा क्रमांक घेऊन चालू लागतात. मुलगी कुठे दिली एवढ्या शब्दांवर थांबते. माहिती गोळा होते ती पत्रे पाठवून, म्हणजे ज्याने उत्तर दिले तो सविस्तर, न देणारा त्रोटक. मामलेदार झालेल्या चुलत्याला दीड पान आणि पाणक्याचे काम करत परगावी मेलेल्या भावाला 'पुढील माहिती उपलब्ध नाही', हे प्रमाण मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की तो या प्रकाराचा स्वभावच समजावा.

राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा पहिला झगडा बखरीशी होता. बखर आठवणीवर आणि अभिमानावर चालते, अस्सल पत्र त्या दिवशीचे बोलते, हा भेद त्यांनी मराठी वाचकाच्या गळी उतरवला. राज्याच्या इतिहासाला आपण हा नियम लावला. घराच्या इतिहासाला लावायचे राहून गेले. कुलवृत्तांत ही घराची बखर आहे. ती खोटी असते असे मी म्हणत नाही. बखरीसारखीच ती कोणासाठी लिहिली हे लक्षात ठेवून वाचावी, एवढेच.

ज्यांच्या घरी छापील ग्रंथ कधी आला नाही त्यांच्याकडे दुसरी साधने होती. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी वही घेऊन दारात यायचा आणि सात पिढ्या म्हणून दाखवून धान्य घेऊन जायचा. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे असत. तीही यजमानाच्या खर्चाने राखलेली स्मृती. यजमानाला न आवडणारे तीत फारसे टिकत नाही.

सरकारी बुकाला यजमान नसतो. गाव नमुना नंबर १४ म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. विदर्भात याच जातीच्या दप्तराला कोतवाल बुक म्हणतात, आणि ते नाव बरेच काही सांगून जाते. कोतवाल गावात फिरून कोण जन्मले, कोण गेले हे ध्यानात ठेवी आणि बुक घेऊन ठाण्यात जाई. तिथला लेखनिक ते उतरवून घेई. वऱ्हाडात हा कोतवाल बहुधा महार. म्हणजे पाटलाच्या घरचा पाळणा कागदावर आला तो वाड्याच्या आत पाऊल टाकायची ज्याला मुभा नव्हती त्याच्या तोंडून. त्याने बाहेरून जे ऐकले ते सांगितले, लेखनिकाने जे ऐकू आले ते लिहिले. नावांच्या चार चार तऱ्हा होतात त्या इथे. जातीचा रकानाही असाच भरला गेला आहे. आज त्या रकान्यातल्या एका शब्दावर घरेच्या घरे टांगलेली असतात, तेव्हा तो शब्द कुणी, कुणाला विचारून लिहिला, हा प्रश्न चोखंदळ वाचकाने सोडू नये.

बुकातली भाषा कमालीची कोरडी आहे. जन्माच्या पानावर बापाचे नाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचे नाव बहुतेक वेळा नाहीच, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते आणि झाल्यावर कुणी कळवायला येत नाही. आईचे नाव जुन्या बुकांत शोधून सापडत नाही. मृत्यूच्या पानावर रोगाचा रकाना: ताप, देवी, पटकी, हगवण, बाळंतरोग. वैद्याने तपासलेले नसतेच. ताप या एका शब्दात हिवतापापासून विषमज्वरापर्यंत सगळे मावते. १९१८ च्या पावसाळ्याअखेरची पाने मात्र हातात घेतली की बोटांनाच कळते. एरवी एका पानावर जिथे दोन-तीन महिने मावतात तिथे काही दिवसांतच पान संपते. लोकांनी त्या साथीला मानमोडी म्हटले. बुकात ताप, ताप, ताप.

देशावरच्या एका घराण्याचे उदाहरण देतो, नावे-गावे गाळून. कुलवृत्तांतात एका गृहस्थांची नोंद आहे: भार्या एक, पुत्र तीन, वतनाची शेती, स्वभाव करारी. त्याच गावच्या बुकात याच गृहस्थांच्या नावावर चौदा वर्षांत सात जन्म आहेत, त्यांतल्या चार मुली. चार मृत्यू आहेत, दोन मानमोडीच्या एकाच आठवड्यातले. आणि त्यांच्याही आधी एक ओळ आहे: अमक्याची बायको, वय सुमारे वीस, बाळंतरोग. ही पहिली बायको. ग्रंथातली 'भार्या एक' ती नव्हे, दुसरी. पहिलीचे नाव ग्रंथात नाही आणि बुकातही नाही. फरक इतकाच की ग्रंथाने तिला वगळले आणि बुकाने तिला मोजले. मोजलेल्या माणसाचा माग काढता येतो: ओळीवरून साल कळते, सालावरून लग्नाचा अदमास बांधता येतो, आणि माहेरच्या तालुक्यात तशीच दुसरी वही असते. वगळलेल्याचा मागच लागत नाही.

कुलवृत्तांताच्या संपादकांना दोष देताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यांनी माणसाला चेहरा दिला. करारी स्वभाव, सकाळचे सूर्यनमस्कार, काशीयात्रा, हे बुकात कुठून असणार? पण हा चेहरा कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या नाही, हे ठरवणारी कसोटी वंश पुढे चालवण्याची आहे, जगण्याची नाही. एक वर्ष जगलेल्या मुलाला वंशवृक्षात जागा नाही. साठ वर्षे माहेरी राबलेल्या बालविधवा आत्येला तरी कुठे आहे?

'जनगणनेत आमच्या पणजोबांचे नाव सापडेल का?' असे मला वरचेवर विचारतात. परदेशात असलेल्या मुलांनी तिथल्या शेजाऱ्यांची खटपट पाहिलेली असते. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे २०२२ च्या एप्रिलमध्ये झाले. इंग्लंडात शंभर वर्षांनी, १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये. तिथे पणजोबा घरक्रमांकासह भेटतो. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तिचे जाडजूड अहवाल छापले गेले. पण माणसांची नावे असलेले मूळ कागद बेरजा झाल्यावर जपण्याची रीत नव्हती. राहिल्या त्या बेरजा: अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्रज सरकारला आपला पणजोबा नको होता, त्याची जात आणि संख्या हवी होती. अपवाद १९५१ चा. त्या वेळच्या माहितीवरून नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार झाले आणि त्यात नावे आहेत. आसामात याच रजिस्टरात पूर्वज दाखवता येतो की नाही यावर लोकांचे नागरिकत्व तोलले गेले. २०१९ च्या ऑगस्टअखेर लागलेल्या यादीतून एकोणीस लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली.

उलट, गाव सोडून जो मजुरीला मॉरिशसला गेला, त्याची नोंद पाहावी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दप्तरे आहेत. क्रमांक, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, मूळ गाव. मळेवाल्याला पळून गेलेला मजूर ओळखता यावा म्हणून हे लिहून घेतले. रत्नागिरीकडून गेलेल्या अशा माणसाचे वर्णन आज त्याच्या पणतवाला वाचता येते. गावात राहिलेल्या त्याच्या भावाची नमुना १४ मध्ये एक ओळ.

आता ज्याच्यामुळे हा विषय अभ्यासिकेतून बाहेर आला त्याकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, खासरा पत्रक, हक्कनोंदी, १९५१ चे रजिस्टर, सगळे खाली उतरले. मोडी वाचणाऱ्याला, ज्याला काल कुणी चहा विचारत नव्हते, गाडी पाठवून नेऊ लागले. नोंद सापडली की अर्जदाराला तिथपर्यंत पोचणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर काढून द्यावी लागते. ज्या घरांत कधी कुलवृत्तांत आला नाही, त्या घरांत आज पंचवीस वर्षांची पोरे कंपासपेटीतली पट्टी घेऊन मूळपुरुषापासून रेघा ओढत बसली आहेत. मला हा मराठी वाङ्मयातला मोठा प्रसंग वाटतो. वंशवृक्ष हा मूठभरांचा छंद होता, तो अर्जाचा नमुना झाला.

आणि नमुना बदलला तरी साचा तोच. या वंशावळीत मोजतात ते वडिलांकडचे रक्तनाते. आजीच्या माहेरची शंभर वर्षांपूर्वीची लखलखीत नोंद हातात असली तरी ती बाजूला ठेवावी लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात शासनाने आईचे नाव आणले, ते बरे केले. पण पुराव्याची रेघ अजून बापाकडूनच खाली येते.

ज्यांना गावच नव्हते त्यांचे काय? जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचा पुरावा अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा मागतात. पालावर जन्मलेल्या बाळाची ओळ कोणत्या गावच्या बुकात असणार? शाळेत घातले तर मास्तर जून महिन्यात तारीख ठोकून देत. एक जूनला जन्मलेली माणसे महाराष्ट्रात किती आहेत हे कुठल्याही कचेरीत विचारावे. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची हजेरी आणि अंगठे वर्षानुवर्षे घेतले, ज्यांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांचीच नातवंडे आज एका कागदासाठी हिंडतात. सरकारने त्यांच्याविषयी लिहिले पुष्कळ. पण जे लिहिले ते त्यांच्यावर पाळत ठेवायला.

'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' ही आत्मकथने या अंगाने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. आपण ती दुःखाची पुस्तके म्हणून वाचली. 'अक्करमाशी'तला मूळ प्रश्न बापाच्या नावाचा आहे, म्हणजे वंशावळीच्या पहिल्याच रेघेचा. कुलवृत्तांताला मराठीत कुणी उत्तर दिले असेल तर ते या पुस्तकांनी. मूळपुरुष नाही, सनद नाही, आणि आईला पाने आहेत.

येत्या २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात मोजली जाणार आहे. त्यावर वाद होतील, व्हावेत. माझी काळजी जुन्या कागदांची आहे. नोंदशोधाच्या मोहिमेत पाने उलटली गेली ती एका शब्दासाठी. तो शब्द असलेली पाने छायाचित्रित झाली, याद्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. बाकीची पाने परत लाल फडक्यात गेली. एका अभिलेख कक्षात मी १९१८ चे बुक मागितले, तेव्हा कारकुनाने चांगुलपणानेच सांगितले, त्यात आमचे काम झाले, कुणबी अकरा निघाले. बुक उघडले तर दोन पाने एकमेकांना चिकटलेली होती, ऑक्टोबरची होती. ती सोडवायला ओला टिपकागद आणि दोन तासांची सवड लागते. पुढच्या मंगळवारी यायला सांगितले आहे.